लेडीज हॉस्टेलला असिस्टंट रेक्टर म्हणून जॉइन होऊ का? (सांगली)

कोरेगावची_लेक
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे होता. एमएसडब्ल्यू झालंय माझं, सांगलीत एका कॉलेजच्या लेडीज हॉस्टेलला असिस्टंट रेक्टरची जागा निघालीय, इंटरव्ह्यू झाला, सोमवारी या म्हणतायत. राहायला तळमजल्यावर खोली, जेवण मेसचं, पगार १४ हजार फिक्स. घरचे म्हणतात राहणं-खाणं सुटलं की पगार सगळा शिल्लक, शिवाय पोरींच्यातच राहायचं म्हणजे आम्हाला घोर नाही. पण दिवसभर नेमकं काम काय असतं हेच मला कळेना, विचारलं तर म्हणाले "काय नाही हो मॅडम, लक्ष ठेवायचं फक्त". सुट्टीचं कुणी बोललंच नाही आणि मलाही विचारायला कसंतरी वाटलं. सेट-नेटचा अभ्यास करायचाय सोबत, होईल का? कुणी हे काम केलं असेल तर खरं खरं सांगा.

मिरजेची_मावशी
"लक्ष ठेवायचं फक्त" 😀 अगं बाई, मी बरीच वर्षं हेच केलंय, आता सोडलंय, म्हणून सांगते. दिवसाचं काम तसं काही नाही, सकाळी पाणी नाही, सोलरचं पाणी गार येतंय, अमक्या रूमचा पंखा बंद, त्यासाठी वायरमनच्या मागं लागायचं, ॲडमिशनच्या दिवसांत रूम अलॉटमेंट आणि डिपॉझिटच्या पावत्या, दुपारी तर हॉस्टेल रिकामंच असतं तेव्हा तुझा अभ्यास होईल. खरी नोकरी सुरू होते संध्याकाळी हजेरीपासनं. गेट बंद व्हायच्या वेळेला एक मुलगी आलेली नसते, फोन स्विच ऑफ, मूव्हमेंट रजिस्टरला नुसतं "मार्केट" लिहिलेलं, आणि तिकडनं आईचा फोन की पोरगी उचलत नाही. आता पालकांना काय सांगायचं, किती वेळ थांबून सांगायचं, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नसतं. बहुतेक वेळा एसटी उशिरा आलेली असते एवढंच, पण तोवर तुझा जीव टांगणीला.

आणि आजारपण. एकदा रात्री एका मुलीच्या पोटात कळा, १०८ ला फोन केला, गाडी आली, दवाखान्यात पोचलो तर सही कोण करणार? वडील जतच्या पलीकडच्या गावात, पोचायला पहाट होणार. तेव्हापासनं मी ॲडमिशनलाच पालकांचं लेखी संमतीपत्र, रक्तगट, चालू असलेली औषधं आणि सांगलीतल्या लोकल गार्डियनचा नंबर घेतल्याशिवाय किल्ली द्यायचेच नाही. तुझ्याकडं चार्ज आला तर आधी ही फाइल आहे का बघ, नसेल तर पहिल्या आठवड्यात तीच कर, बाकीचं मागनं.

पावसाळ्याचं पण विचार. २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. हॉस्टेलात पाणी नाही आलं तरी रस्ते बंद, दूध-भाजी बंद, नळाला पाणी नाही, आणि घरी जाता न आलेल्या पोरी तुझ्या भरवशावर. २०२१ ला परत तेच. ४० फुटाला इशारा असतो, तेव्हाच लांबच्या मुलींना घरी पाठवायचं का हे ठरवायला लागतं, आणि ते कोण ठरवणार, प्राचार्य की तू, हे आधी विचारून घे.

बॅकबेंचर_इस्लामपूर
मी पोरांच्या हॉस्टेलला होतो, तिकडनं सांगतो. रेक्टर वाईट की चांगला हे आम्ही दोन गोष्टींवरनं ठरवायचो, एक म्हणजे आमच्यात बसून मेसचं जेवतोय का, आणि दुसरं म्हणजे तक्रार वहीत लिहिलेलं पुढं सरकतंय का. आमटी नुसतं पाणी असली की आमच्या सरांना तिथंच कळायचं, मेसवाल्याला बोलायला पुरावा लागायचा नाही. डबा खोलीत मागवणाऱ्या रेक्टरला कुणी विचारत नाही ताई.

माहुलीकर
मावशींनी कामाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम आहेत ते डाउनलोड करून एकदा वाचाच. त्यात स्पष्ट आहे की हॉस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन (म्हणजे आपली रेक्टर) पाहिजे, ती हॉस्टेलात किंवा अगदी जवळ राहिली पाहिजे, कधीही फोनवर सापडली पाहिजे आणि त्यासाठी मोबाइल संस्थेनं द्यायचा. म्हणजे चोवीस तास हे नियमातच आलं, मग तुमच्या स्वतःच्या नंबरवर रात्री दोनला पालकांचे कॉल कशाला? संस्थेचा फोन मागा, तो सुट्टीच्या दिवशी दुसरीच्या हातात देता येतो. फर्स्ट इयरच्या मुली शक्यतो वेगळ्या ठेवायच्या हेही त्यातच आहे, जागा नसेल तर सीनियर तिकडं जातायत का यावर लक्ष. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, बोर्डावर आहे का बघा, बऱ्याच ठिकाणी त्यावर मेसचा मेनू चिकटवलेला असतो.

आणि एक. आपल्याकडं पगाराचं काढलं की समोरचा लगेच अण्णांचं, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांचं, उदाहरण देतो. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, १९२७ ला गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं, अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. मी सातारचाच, मला त्याचा अभिमान आहेच. पण कर्मवीरांनी आणि वहिनींनी स्वतःचं घर म्हणून ते केलं, आणि तुम्हाला आज फी घेणारी संस्था १४ हजारात तेच मागतेय. आठवड्याची सुट्टी ऑर्डरवर लिहून घ्या, आणि त्या दिवशी चार्ज कुणाकडं तेही नावानिशी. नुसतं "ॲडजस्ट करू" म्हणाले तर सुट्टी मिळणार नाही असं समजा.

कोरेगावची_लेक
बापरे, फोनचं आणि संमतीपत्राचं तर डोक्यातच नव्हतं. आज फोन केला ऑफिसला, सुट्टीचं विचारलं तर म्हणाले रेक्टर मॅडमशी बोला, मॅडम म्हणाल्या ऑफिसशी बोला 🙄 मावशी, रेक्टर मॅडम कॅम्पसवर राहत नाहीत, घरून येतात, हे कळलंय आज. मग रात्री मी एकटीच ना?

मिरजेची_मावशी
हो, एकटीच, आणि एक वॉचमन. मग तू असिस्टंट कसली, रेक्टरच झालीस, पगार तेवढा असिस्टंटचा. सोमवारी जाऊ नकोस. ईमेल टाक, दोनच ओळी, सुट्टीचा वार आणि रात्रीचा बदली माणूस ऑर्डरवर द्या मग येते. ॲडमिशनचे दिवस आहेत, रात्री राहायला माणूस मिळत नाही त्यांना, गरज त्यांना जास्त आहे. आणि जायच्या आधी खोली बघून ये, मला दिली होती तिला आतनं कडीच नव्हती.