देवळालीचे कापरेकर मास्तर
कुणीतरी म्हटलंय की गणिती द. रा. कापरेकरांचं काम म्हणजे नुसती आकड्यांची गंमत. मला हे अजिबात पटत नाही. त्यांच्या जन्माचं साल घ्या, 1905. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: 9510 − 0159 = 9351. असंच करत राहा: 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या वजाबाकीला 6174! चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या सात पायऱ्यांच्या आत इथेच येते. पुढे 7641 − 1467 पुन्हा 6174च. देवळालीत शाळा सांभाळून, संशोधनाची पदवी नसताना या माणसाने हे शोधलं. 1975 साली गणितावर सोप्या भाषेत लिहिणाऱ्या अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनरने त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा कुठे जगाला कळलं. तोवर मास्तर निवृत्तही झाले होते. फार वाईट वाटतं.