परदेशातील हिवाळी निसर्गछायाचित्रण: सॅक पाठीवर घेऊन चालावे की गाडीने फिरावे?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता, ठाणे)

दिवाळी सरली की ठाण्यातील आम्हा हौशी छायाचित्रकारांत उत्तर युरोपातील हिवाळी सहलींचा विषय निघतो. बहुतेक सहलींचा आराखडा एकच असतो: उबदार गाडी, दिवसाला तीन-चार प्रसिद्ध ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास आणि रात्री आकाशाने साथ दिली तर ध्रुवप्रकाश (नॉर्दर्न लाइट्स). माझे स्पष्ट मत आहे की एवढा पैसा खर्चून ज्याला खरोखर रानाचे छायाचित्रण करायचे आहे, त्याने एकच दरी निवडावी आणि सॅक पाठीवर घेऊन ती चालत पाहावी.

स्वीडनच्या उत्तर टोकाजवळील अबिस्कोचे उदाहरण घेतो. सुमारे ४४० किलोमीटर लांबीची कुंग्सलेडेन ही पायवाट येथून सुरू होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत वाटेवरील निवारे उघडे असतात. पहिला निवारा सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे आणि त्यापुढचा आणखी वीसेक किलोमीटरवर. बर्फात वाट चुकू नये म्हणून खांबांवर लाल फुल्या लावलेल्या असतात. निवाऱ्यात वीज नसते. लाकडे आपणच फोडायची, गोठलेल्या तळ्याला पाडलेल्या भोकातून पाणी आपणच आणायचे.

आता प्रकाशाचा विचार करा. मार्चमधील विषुवदिनी ठाण्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो, तर अबिस्कोत तो जेमतेम २२ अंशांपर्यंत चढतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सकाळी नऊनंतर आपण कॅमेरा आवरता घेतो, कारण सावल्या आखूड होतात आणि रंग विटके दिसू लागतात. तिकडे आकाश मोकळे असेल, तर भर दुपारीही बर्फावरील वाऱ्याची प्रत्येक लहर सावलीने उठून दिसते. असा प्रकाश दिवसभर मिळत असताना गाडीच्या वेळापत्रकाला बांधून घेणे मला पटत नाही. शिवाय सह्याद्रीमुळे देशावर जसा पाऊस कमी पडतो, तसेच पश्चिमेकडील डोंगरांमुळे अबिस्कोवर ढग कमी येतात, त्यामुळे एका जागी थांबणाऱ्याला ध्रुवप्रकाश दिसण्याची शक्यताही चांगली असते.

नेरुळवासी

प्रकाशाविषयीचे आपले निरीक्षण मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आपल्याकडचे बहुतेक जण भर पावसात राजमाची आणि हरिश्चंद्रगड करून तयार झालेले असतात. तेथे अंगावरचा शर्ट दहा वेळा भिजतो, दहा वेळा सुकतो आणि काही बिघडत नाही. उणे वीस अंशांत घामाने ओला झालेला सुती कपडा अंगातील ऊब शोषून घेतो. त्यात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३३ अंशांसारखी बाधते आणि दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो.

यापेक्षाही मोठी अडचण छायाचित्रकाराची आहे, आणि तिचा आपण उल्लेखही केलेला नाही. चालणारा माणूस चालण्यामुळे उबदार राहतो. छायाचित्रकार मात्र चढ चढून घामेजतो आणि मग ट्रायपॉड लावून वीस मिनिटे निश्चल उभा राहतो. वर बटणे सापडत नाहीत म्हणून हातमोजा काढतो. ज्या क्षणी शरीराला हालचालीची सर्वाधिक गरज असते, नेमका त्याच क्षणी तो थांबलेला असतो. पाठीशी गरम गाडी असणे हा माझ्या मते शहाणपणा आहे, आळस नव्हे. स्वीडनमध्ये डोंगरातील बचावकार्य पोलिसांच्या अखत्यारीत असले, तरी प्रत्यक्ष शोधाला निघणारे बहुतेक जण प्रशिक्षित स्वयंसेवक असतात. आपल्या हौसेसाठी त्यांना वादळात बाहेर पडावे लागणे मला योग्य वाटत नाही.

घोडबंदरची वाट

या वादात कॅमेऱ्याची बाजूही मांडली जावी. गोठलेला कॅमेरा उबदार, दमट हवेत नेला की लेन्सवर आणि आतील भागांवर दव धरते. गाडीने फिरणाऱ्याच्या बाबतीत हे दिवसातून अनेकदा घडते आणि पुन्हा बाहेर पडताच तेच दव गोठते. चालणाऱ्याचा कॅमेरा दिवसभर थंडच राहतो. संध्याकाळी निवाऱ्याच्या दाराबाहेरच तो हवाबंद पिशवीत घालावा आणि आतील उबेत आल्यावर दोन-तीन तास पिशवी उघडू नये. बॅटऱ्या मात्र आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्यात, कारण थंडीत त्यांची रासायनिक क्रिया मंदावते. बर्फाच्या पांढऱ्या रंगाला कॅमेऱ्याचा प्रकाशमापक करडा समजतो, म्हणून एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) प्रकाश वाढवावा लागतो. हे चालणाऱ्यालाही लागू आणि गाडीवाल्यालाही.

ऐरोलीची खाडी

चालावे की गाडीने जावे, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जागेचे नाव इतक्या तपशिलाने सांगावे का, हे आधी ठरवा. आइसलँडमधील फ्याद्रार्ग्ल्यूफुर ही घळ एका प्रसिद्ध गायकाच्या चित्रफितीनंतर जगभर पोहोचली आणि कडेचे शेवाळ तुडवले गेल्यामुळे २०१९ मध्ये ती काही काळ बंद करावी लागली. ते शेवाळ पूर्ववत व्हायला अनेक वर्षे लागतात. आपल्या दारातील ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी चिखलात चोच उलटी घालून चरणारे रोहित पक्षी पाहायला व्हिसा लागत नाही. तरीही त्यांच्या छायाचित्रणात चिकाटी दाखवणारे थोडेच आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाचपाखाडीकर

खाडीवर माझेही प्रेम आहे, पण एकामुळे दुसरे वर्ज्य ठरत नाही. तुडवणुकीचा मुद्दा गंभीर आहे आणि तो हिवाळ्याच्याच बाजूने जातो: जाड बर्फाखालची वनस्पती पावलांपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असते. जपायचे असते ते रेनडियरना. हिवाळ्याच्या अखेरीस गाभण माद्या अशक्त असतात. त्यांना पळायला लावणारे छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी ते काढू नये. हे कळप तेथील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या उपजीविकेचे साधन आहेत.

नेरुळवासी, थांबण्यातील धोका तुम्ही अचूक मांडला आहे. मात्र त्यावर गाडी हा एकमेव उपाय नाही. स्थानिक वाटाड्याबरोबर छोट्या गटाने जावे, एकाच निवाऱ्यात तीन रात्री राहावे, जड सॅक तेथे ठेवून रोज दोन-तीन तासांच्या टप्प्यात फिरावे आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याआधीच, जाड पिसांचे जाकीट वरून चढवावे. पहिले दोन निवारे आठशे मीटर उंचीच्या आतच असल्यामुळे विरळ हवेचा त्रासही नाही.

नेरुळवासी

वाटाड्या आणि एकच निवारा, एवढ्यावर मी तुमच्याशी सहमत होऊ शकतो. पहिलाच बर्फ अबिस्कोत पाहावा, यावर नाही. आधी एक हिवाळा उत्तराखंडातील केदारकंठ्याला जा. तेथे जाड मिटन (चार बोटे एकत्र राहणारे हातमोजे) घालूनच ट्रायपॉडचे पाय उघडता येतात का आणि बॅटरी बदलता येते का, ते तपासा. ज्याला ते जमत नाही, त्याने त्या वर्षी गाडीचीच सहल घ्यावी, असे मी आजही म्हणेन.