‘एथ वडील जें जें करिती’ यातले ‘वडील’ म्हणजे नेमके कोण?

पूर्णाकाठ :
आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात यंदा तरुण टाळकऱ्यांना वाटण्यासाठी दोन पानांचे पत्रक छापायचे ठरले असून ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. परमार्थात चार लोकांच्या पुढे चालणाऱ्या माणसाने कसे वागावे, याबद्दल ग्रंथांत काय सांगितले आहे, एवढाच विषय आहे. मी शीर्षक दिले ‘आध्यात्मिक नेतृत्व’ आणि आरंभी ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायातली ओवी घेतली :

एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती । तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥

खाली सोपा अर्थ लिहिला, की वडीलधारी माणसे जे करतात त्यालाच लोक धर्म म्हणतात आणि बाकीचे तसेच वागतात. हा मसुदा मंदिराच्या पारावर वाचून दाखवला आणि तिथेच घोटाळा झाला. आमचे जुने विणेकरी म्हणाले, “नेतृत्व हा शब्द निवडणुकीच्या फलकावरचा आहे, तो माउलींच्या ओवीच्या डोक्यावर ठेवू नका.” मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या एका मुलीने सांगितले, की मूळ श्लोकात ‘श्रेष्ठ’ असा शब्द असल्यामुळे इथे वयाचा काही संबंध नाही. माझ्या दहावीतल्या पुतण्याने तर विचारले, की काका, फक्त वडीलच का, आई जे करते त्याला धर्म का म्हणत नाहीत? पोराला हसून गप्प केले खरे, पण उत्तर मलाही देता आले नाही. तरी ‘वडील’चा अर्थ काय लिहावा आणि ‘नेतृत्व’ काढून तिथे कोणता शब्द ठेवावा, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त भाषाशिक्षक, अंबाजोगाई :
त्या मुलीचे म्हणणे योग्य आहे. गीतेतला श्लोक ‘यद्यदाचरति श्रेष्ठस्तत्तदेवेतरो जनः’ असा असून माउलींनी ‘श्रेष्ठ’साठी ‘वडील’ आणि ‘इतर जन’साठी ‘येर सामान्य सकळ’ असे शब्द योजले आहेत. ‘वडील’ हा प्राकृतातल्या ‘वड्ड’पासून आलेला शब्द आहे, हिंदीतला ‘बडा’ त्याच घरातला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘मोठा’ एवढाच. पुढे मोठा म्हणजे वयाने मोठा, आणि वयाने मोठ्यांतला आपला सर्वांत जवळचा म्हणजे बाप, असा तो अर्थ घराघरांत आकसत गेला. ‘वडील भाऊ’ म्हणताना आपण आजही जुनाच अर्थ वापरतो, कारण तिथे कोणी भावाला बाप समजत नाही. आपल्या पुतण्याची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. भाषा बदलली की ओवी तीच राहूनही वेगळे सांगू लागते, याचे त्याहून चांगले उदाहरण मला वर्गात तीस वर्षांत मिळाले नाही.

त्याच प्रकरणात, या ओवीच्या थोडे आधी, आणखी एक फसवा शब्द आहे :

मार्गीं अंधासरिसा । पुढें देखणाही चाले जैसा । अज्ञाना प्रकटावा धर्मु तैसा । आचरोनि ॥

इथला ‘देखणा’ रूपाने देखणा नाही, तो डोळस आहे, म्हणजे ज्याला दिसते तो. आंधळ्यासोबत वाट चालणारा डोळस माणूस पुढे असला तरी चाल आंधळ्याची ठेवतो, त्याप्रमाणे जाणत्याने स्वतः आचरून नेणत्याला धर्म दाखवावा, असा अर्थ आहे. पत्रकासाठी मी हीच ओवी आधी घेतली असती. शीर्षकाबद्दल म्हणाल तर ‘धुरीण’ हा शब्द सुचवतो, कारण धुर् म्हणजे जू आणि ते मानेवर घेतो तो धुरीण.

परभणीकर :
सर, ‘धुरीण’ला माझी हरकत नाही, पण आमच्या भागात ‘धुरा’ म्हणजे शेताचा बांध. ‘सप्ताहाची धुरा तरुणांनी सांभाळावी’ असे छापले, तर अर्ध्या गावाला मोजणीची नोटीस आल्यासारखे वाटेल. निम्मी भांडणे धुऱ्यावरूनच झालेली आहेत.

बालाघाटी :
‘वडील’ हा शब्द वाटतो तितका सात्त्विक नाही, हेही पत्रकात यावे. जुन्या वतनी कागदांत ‘वडीलपण’ म्हणजे मानाचा हक्क असे, आणि कोणते घराणे वडील व कोणते धाकटे यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. माझ्या आजोळी पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची यावरून दोन भावक्यांत इतके विकोपाला गेले, की एका वर्षी सजवलेले बैल संध्याकाळपर्यंत वेशीत उभे राहिले, शिंगांचा बेगड उन्हात सुटू लागला आणि शेवटी दोन्ही जोड्या आपापल्या गोठ्यात परत गेल्या. दोन्ही बाजू ‘वडीलकी आमची’ हेच सांगत होत्या. ओवीतल्या ‘जें जें करिती’ या शब्दांकडे कोणाचे लक्ष असते? लक्ष सगळे ‘वडील’ या शब्दावरच असते.

जालनेकर :
या चर्चेत वेगळ्या दाराने येतो, क्षमस्व. मी ख्रिस्ती आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवले, तिथे माझ्या पणजोबांचे घर होते. मराठी बायबलमध्ये ‘वडील’ हा शब्द सर्रास येतो आणि तिथे तो मंडळीतल्या जबाबदार माणसाचे पद सांगतो. ग्रीकमधला मूळ शब्द ‘वयस्क’ याच अर्थाचा आहे, पण व्यवहारात वय सुटले आणि पद राहिले. माझा मावसभाऊ चौतिसाव्या वर्षी मंडळीचा वडील झाला, तेव्हा त्याचे वडील, म्हणजे माझे काका, समोरच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी घरी जेवताना ‘वडील’ अशी हाक आली की दोघेही मान वर करत होते.

पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात या वडिलांनाच उद्देशून बोध आहे, आणि विशेष म्हणजे पेत्र स्वतःलाही त्यांच्यातलाच एक वडील म्हणवतो, त्यांच्या वरचा कोणी म्हणवत नाही. कळप सांभाळा, पण जुलमाने नव्हे तर राजीखुशीने, पैशाच्या लोभाने नव्हे तर मनापासून, असे सांगून तो म्हणतो, की लोकांवर धनीपण गाजवू नका, कळपासाठी कित्ता व्हा. हा ‘कित्ता’ माझ्या आजीचा फार लाडका शब्द होता. लहानपणी तिच्या हाताखाली पाटीवर अक्षर गिरवताना ती वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणत असे, “वरची ओळ वाकडी असली तर खालच्या दहा ओळींना मारून उपयोग नाही.” मला तर ‘वडील जें जें करिती’ आणि हा कित्ता एकाच जागी येऊन उभे राहिलेले दिसतात. ‘नेतृत्व’च्या ऐवजी ‘कित्ता’ घेता येईल का?

लातूरकर :
विचार सुंदर असला तरी ‘कित्ता’ हा अरबीतून आलेला शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या ओवीवर अरबी शब्दाची टोपी कशासाठी? ‘नमुना’ म्हणा, नाहीतर ‘आदर्श’ म्हणा.

निवृत्त भाषाशिक्षक, अंबाजोगाई :
‘नमुना’ फार्सी आहे, लातूरकर. ‘आदर्श’ संस्कृत खरा, पण संस्कृतात त्याचा पहिला अर्थ आरसा, आणि आपला ‘आरसा’ त्याच्यातूनच निघाला. पुढच्या माणसात मागच्याने आपले तोंड पाहावे अशा अर्थाने तो चालेलही. परंतु ‘कित्ता गिरवणे’ जितके मराठी आहे तितके मराठी ‘आदर्शाचे अनुसरण’ कधीही होणार नाही. शब्द कोणत्या गावाहून आला यापेक्षा तो इथे किती पिढ्या राबला, हे मी पाहतो.

लातूरकर :
राबला म्हणून घरधनी होत नाही. ग्रंथाविषयी लिहिताना तरी ग्रंथाची भाषा पाळावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याच अध्यायात पुढे ‘मार्गाधारें वर्तावें । विश्व हें मोहरें लावावें । अलौकिक नोहावें । लोकांप्रति’ अशी ओवी आहे. आपण वाटेला धरून वागावे आणि जगाला त्या वाटेला लावावे, पण लोकांत आपले काही जगावेगळे मिरवू नये, असा तिचा अर्थ. त्यातल्या ‘मोहरें’वरून शीर्षक करा, शुद्ध मराठी होईल.

परभणीकर :
मोहरेवरून शब्द केला की ‘म्होरक्या’ होतो, आणि वर्तमानपत्रांत म्होरक्या नेहमी टोळीचाच असतो. ‘परमार्थाचा म्होरक्या’ असे छापले तर सप्ताहाला पोलीस बंदोबस्त लागेल. शिवाय ‘मोहरा’ हाही बुद्धिबळातून आलेला फार्सीच शब्द ना?

बालाघाटी :
नाही. बुद्धिबळातला मोहरा वेगळा आणि हा वेगळा. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे १२९० सालची. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तो १२९६ साली. त्याआधी हा शब्द फार्सीतून नेवाशाला कोण घेऊन येणार? आमच्याकडे बैलाच्या तोंडावर बांधतात तिला म्होरकी म्हणतात, आणि ‘म्होरं हो’ म्हणजे तोंड ज्या दिशेला आहे तिकडे सरक. मुख, मुह, मोहर, म्होर, अशी सरळ वाट आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी अडेल गोऱ्ह्याच्या तोंडात म्होरकी चढवली आहे, त्याला फार्सी कोश उघडावा लागणार नाही.

परभणीकर :
सन काढून शब्दाचे वय ठरत नाही. आज आपण वाचतो ती पोथी एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला शुद्ध केलेली आहे. मधल्या तीनशे वर्षांत पाठ पालटले होते म्हणूनच त्यांना शुद्धी करावी लागली. मग ‘मोहरें’ त्या काळात शिरले नसेल कशावरून? आणि अरबी-फार्सी व्यापार देवगिरी पडण्याची वाट पाहत थांबला नव्हता.

घनसावंगीकर :
शब्दच हवा असेल तर आमच्या जांबेच्या समर्थांकडे पाहावे. दासबोधाच्या अकराव्या दशकात महंताची लक्षणे आहेत आणि त्याच दशकात ‘महंतें महंत करावे । युक्तिबुद्धीनें भरावे । जाणते करून विखरावे । नाना देसीं’ असेही आहे. दहा माणसे आपल्याभोवती गोळा करणारा तो महंत, असा समज आज आहे. इथे तर महंताचे काम जाणते तयार करून त्यांना दूर पाठवणे हे आहे. ‘विखरावे’ या क्रियापदाकडे लक्ष द्यावे. गादी सांभाळण्याविषयी त्या ओवीत चकार शब्द नाही. पण हल्ली ‘महंत’ म्हटले की आधी गादीच दिसते, त्यामुळे हाही शब्द शीर्षकाला कितपत चालेल याची मला शंका आहे.

पूर्णाकाठ :
सर्वांचे आभार. दरम्यान ‘वडील’च्या अर्थाचा निकाल माझ्यापुरता सप्ताहातच लागला, तो सांगतो. आमच्याकडे सात दिवस वीणा जमिनीला टेकू देत नाहीत. दोन-दोन तासांचे पहारे लावलेले असतात आणि एकाच्या गळ्यातून वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तेव्हा दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. परवा पहाटे तीनच्या पहाऱ्याला माझा तोच पुतण्या होता. त्याच्या आधी पहाऱ्याला होते ते, ज्यांनी ‘नेतृत्व’वर हरकत घेतली होती ते विणेकरीबाबा. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे धरलेले. त्यांनी वीणा पोराच्या गळ्यात घातली, पट्टा खांद्यावर नीट बसवला, तारेवर त्याचे बोट ठेवून दाखवले आणि खांबाला धरून वाकून त्याच्या पायाला हात लावला. पोरगा इतका घाबरला की त्याचा नामाचा ठेकाच चुकला. बाबा मागे उभे राहून, तो सुरात येईपर्यंत त्याच्याच संथ चालीवर ‘रामकृष्णहरी’ म्हणत राहिले. ‘अंधासरिसा’चा अर्थ मला तेव्हा कळला.

सकाळी मी बाबांना विचारले, की शीर्षक काय ठेवू? ते म्हणाले, “पत्रक कशाला पाहिजे?” आता यावर काय बोलणार! छापखान्याला उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. ‘नेतृत्व’ मी काढले आहे. ‘वडील’चा अर्थ ‘ज्यांच्याकडे पाहून लोक वागतात ते’ असा लिहिला आहे आणि देखण्याची ओवी वर घेतली आहे. शीर्षकाचे अजून सांगावे.

जालनेकर :
आपला अर्थ फार आवडला. शीर्षकाचे सुचत नाही, पण एक अवांतर शंका विचारतो. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखून मागून येतात. आपल्याकडे मी पाहिलेले धनगर मात्र बहुधा कळपाच्या मागून हाकत चालतात. मग ‘पुढारी’ हा शब्द मुळात कोणाच्या चालीवरून आला असावा?

बालाघाटी :
धनगराचा मुक्काम हलतो तेव्हा एक जण पुढे असतो आणि एक मागे. लंगडे कोकरू खांद्यावर असते ते मागच्याच्या. पण त्याविषयी स्वतंत्र धागा काढावा, कारण ‘मोहरें’चा प्रश्न अजून सुटलेला नाही. परभणीकरांना पैठणच्या पोथीविषयी शंका असेल, तर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली ज्ञानेश्वरीची प्रत पाहावी. ती पोथी त्यांना आमच्या बीडच्या पाटांगणात मिळाली होती आणि ती एकनाथांच्या आधीची असल्याचे त्यांचे मत होते. तिच्यात तिसऱ्या अध्यायात ‘मोहरें’ निघाले, तर वाद मिटला. माझ्या आजोबांकडे त्या छापील प्रतीचे पुस्तक आहे, पण तिसऱ्या अध्यायाची पाने वाळवीने खाल्ली आहेत. कोणाकडे धड प्रत असल्यास ओवी जशीच्या तशी इथे उतरवावी.

परभणीकर :
उतरवताना ‘एथ’ आहे की ‘येथ’, तेही पाहावे.