मदत हवी आहे: स्ट्राइकआउटपेक्षा होमरन जास्त असलेले फलंदाज

नमस्कार मंडळी, भाचीच्या बेसबॉल क्विझसाठी प्रश्न काढतोय. एका मोसमात किमान 40 होमरन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका), आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन, म्हणजे बहुधा चेंडू हुकून, बाद होणं) त्याहून कमी, असे फलंदाज हवेत. टेड क्लुझेव्स्की सापडला: 1954 मध्ये सिनसिनाटीकडून 49 होमरन, स्ट्राइकआउट फक्त 35! जॉनी माइझ, 1947: 51 आणि 42. अलीकडचा बॅरी बॉन्ड्स, 2004: 45 आणि 41. जो डिमॅजिओचे तर अख्ख्या कारकिर्दीत 361 होमरन आणि स्ट्राइकआउट जवळपास तेवढेच, 369. इतक्या जोराने बॅट फिरवूनही चेंडू चुकत नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. बॉन्ड्सनंतर कुणाला हे जमलंय का? आणि या मंडळींच्या बॅट फिरवण्यात नेमकं वेगळं काय होतं, हे शाळकरी मुलांना कळेल असं कुणी समजावून सांगाल का?