१ कोटीची जुनी ईव्ही निम्म्याहून कमी भावात: नागपुरात घ्यावी की नाही?

बर्डी_सर्किट
मुद्दा सरळ मांडतो. २०२०-२१ साली आलेल्या मर्सिडीज ईक्यूसी, जॅग्वार आय-पेस आणि ऑडी ई-ट्रॉन या गाड्या नव्या असताना १ कोटीच्या आसपास किंवा त्याच्या वर होत्या. आज निम्म्याहून कमी भावात मिळतात. लोक भितात ते बॅटरीला, पण तिघींच्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे. २०२१ ची गाडी म्हणजे २०२९ पर्यंत. सर्व्हिस रेकॉर्ड अखंड असेल तर ही वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे येते. शिवाय राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार समृद्धी महामार्गावर ईव्हीला टोल माफ. माझं मत, जरूर घ्यावी.

हिंगणा_गॅरेज
बर्डी भाऊ, वॉरंटीपत्र नीट वाचा. ८ वर्षं आहेत ती हाय-व्होल्टेज, म्हणजे गाडी पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीची. एसी कंप्रेसर, ऑनबोर्ड चार्जर (घरचा एसी करंट डीसी करून बॅटरीत भरणारा), एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट देणारा) हे सगळं साध्या वॉरंटीत होतं आणि ती कधीच संपली.

नागपुरात पहिला बळी जातो तो कंप्रेसरचा. या गाड्यांत एसीचा गॅस फक्त केबिन थंड करत नाही. तोच गॅस चिलर नावाच्या भागातून बॅटरीचं कूलंटही थंड करतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, केबिन २२ वर आणि त्यात डीसी (फास्ट) चार्जिंग लावलं की कंप्रेसर पूर्ण ताकदीने पळतो. तो आतून झिजून गेला तर धातूचा चुरा सगळ्या सर्किटमध्ये पसरतो. मग नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही. कंडेन्सर, ड्रायर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदला, पाइप फ्लश करा. हे न करता नवा कंप्रेसर बसवला तर तोही त्याच चुऱ्याने जातो. बिल लाखांत, आणि बॅटरीच्या वॉरंटीतून एक रुपया मिळत नाही.

बर्डी_सर्किट
कंप्रेसरचं मान्य, पण ते घेण्याआधी तपासता येतं. दुपारी एसी लावून अर्धा तास गाडी चालवा, बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना डीसी चार्जर लावा. ६० किलोवॉटच्या चार्जरवर या तिन्ही गाड्यांनी जवळपास तेवढी पॉवर धरायला पाहिजे. पाच-दहा मिनिटांत निम्म्यावर आली तर कूलिंगमध्ये खोट समजा. फक्त शेजारच्या गनवर दुसरी गाडी नको, काही चार्जर पॉवर वाटून देतात.

बॅटरीची तब्येतही मोजता येते. ई-ट्रॉन ५५ ची वापरता येणारी क्षमता साधारण ८६ युनिट. एसी चार्जरवर १० ते ९० टक्के करा. नवी बॅटरी असती तर आत ६९ युनिट गेले असते आणि १० टक्के लॉस धरून मीटरवर ७७ दिसले असते. मीटरवर ६६ दिसले तर तब्येत ८५-८६ टक्के. पाच वर्षांच्या गाडीला हे ठीक. वॉरंटीतला दावा साधारण ७० टक्क्यांखालीच लागतो. डॅशबोर्डवरच्या रेंजवर विसंबू नका, तो आकडा आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली त्यावर ठरतो.

काळी_माती
घरच्या चार्जिंगवर कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. ७.४ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर सतत लागतात. महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. मीटरपासून वेगळी ६ चौरस मिमी तांब्याची वायर टाका, अंतर मोठं असेल तर १०. चाळीस अँपिअरचा ३० मिलिअँपिअरवाला आरसीबीओ (लीकेज आणि ओव्हरलोड दोन्हीवर पडणारा ब्रेकर), टाइप ए, आणि चार्जरमध्ये डीसी लीकेज ओळखणारी सोय आहे का ते बघा.

पण आपल्याकडचा खरा प्रश्न अर्थिंगचा. काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग झकास. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडला सोडते. रोध वाढतो आणि गाडी रात्री चार्जिंग नाकारते. लोक गाडीला दोष देऊन ऑनबोर्ड चार्जर बदलायला निघतात. आधी लोडवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा, २-३ व्होल्टच्या आत पाहिजे. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहमच्या आत. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलेला इलेक्ट्रोड टाका आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी सोडत जा.

हिंगणा_गॅरेज
काळी माती, एकदम बरोबर. बर्डी भाऊंनी बॅटरी तपासली, पण गाडीच्या वजनाचं काय? ई-ट्रॉन आणि ईक्यूसी अडीच टनांच्या घरात. ई-ट्रॉनला चारही चाकांवर एअर सस्पेन्शन, ईक्यूसीला मागे. रबराच्या फुग्याला बारीक चीर पडते, हवा हळूहळू सुटते, पंप दिवसभर भरत राहतो आणि शेवटी पंपच जळतो. गाडी सपाट जागी रात्रभर उभी करा. हब ते मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर रात्री आणि सकाळी चारही कोपऱ्यांवर टेपने मोजा. एका कोपऱ्यात १० मिमीपेक्षा जास्त बसली तर त्या कोपऱ्याचा स्ट्रट (फुगा असलेला सस्पेन्शनचा भाग) गेलेला धरा.

टायरही पाहा. आपले सिमेंट रस्ते आणि समृद्धीचं काँक्रीट, त्यात हे वजन आणि मोटरचा टॉर्क. आतली कड आधी झिजते आणि ती बाहेरून दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हात आत घाला. चार टायरचा खर्च लाखाच्या वर जातो.

आणि १२ व्होल्टची बॅटरी. ती कमजोर झाली की मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे स्विच) लागत नाहीत, ९० टक्के चार्ज असलेली गाडी जागची हलत नाही. आमच्या उन्हात ती ३-४ वर्षांत थकते. घेतल्याबरोबर ती बदलून नवी एजीएम प्रकारची १२ व्होल्टची बॅटरी टाका आणि स्कॅनरवरून नवीची नोंद करून घ्या.

बर्डी_सर्किट
हे खर्च डिझेल एसयूव्हीलाही आहेत ना? एअर सस्पेन्शन तिथंही गळतं, वर टर्बो, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर), अनेक गिअरचा गिअरबॉक्स. इथं ही वरची तीन नाहीत. १०० किमीला २५ युनिट, सार्वजनिक चार्जरवर २० रुपये युनिट धरला तरी ५०० रुपये. घरी सोलर असेल तर त्याहून कितीतरी कमी.

अंबाझरी_काठ
समृद्धीवर ताशी १२० ने २८ युनिट लागतात, २५ नाही. ई-ट्रॉनची तब्येत ९० टक्के धरली तर ८० वरून १० टक्क्यांपर्यंत ५४ युनिट, म्हणजे १९० किमी. संभाजीनगरला जाताना दोन थांबे धरून चाला.

दुसरी गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घराघरांत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्यामुळे शहरातली जुनी ईव्ही घेताना डिकीचं फ्लोअर उचला, कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का बघा. सीटच्या रेल्सवर गंज, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर खालच्या भागात मातीची रेघ. बॅटरीचा डबा सीलबंद असतो, पण बाहेरच्या कनेक्टरमध्ये ओल राहिली की इन्सुलेशन फॉल्ट (करंट बॉडीत गळतोय असा इशारा) येतो आणि तो पावसाळ्यात येतो-जातो. विमा कंपनीकडून दाव्याचा इतिहास काढा.

हिंगणा_गॅरेज
डिझेलचा मुद्दा इथं अडतो: डिझेलचा टर्बो उघडणारे हात नागपुरात भरपूर आहेत. हाय-व्होल्टेजचं काम प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये, आणि चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढताही येत नाही, फ्लॅटबेडच लागतो. त्यात ईक्यूसी बंद झाली, ई-ट्रॉन बनवणारा ब्रुसेल्सचा ऑडीचा कारखाना २०२५ मध्ये बंद झाला. पार्ट येतील, पण थांबावं लागेल.

बर्डी_सर्किट
थांबायला तयार असेल आणि घरी दुसरी गाडी असेल त्याच्यासाठीच हे आहे, एवढं मी मान्य करतो. एकुलती एक गाडी म्हणून नको.

हिंगणा_गॅरेज
मग भाव ठरवायच्या आधी कंप्रेसर, ऑनबोर्ड चार्जर आणि दोन एअर स्ट्रट यांचं लेखी कोटेशन वर्कशॉपमधून आणा. त्यातला सगळ्यात मोठा आकडा मागितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी सुरू करा. विकणारा त्याला तयार नसेल आणि एक्स्टेंडेड वॉरंटीही मिळत नसेल, तर माझं उत्तर नाहीच.