मदत हवी आहे: सोसायटीच्या मेळ्यात मिकी नि डायनोसॉर बोलवावेत का? (न पटणारी मतंही चालतील)

इंदिरानगरवाली
१ मेला आमच्या सोसायटीत मुलांचा आनंदमेळा आहे. नाशिक, इंदिरानगर. मैदान उघडं, शेजारी सिमेंटचा पॅसेज आणि क्लब हाउसची एक खोली. वेळ संध्याकाळी ५ ते ८. मुलं १२० च्या आसपास, त्यातली वीसेक तीन वर्षांखालची. समितीला 'इमॅजिकासारखं' वाटायला हवंय, म्हणून एक फरचा मिकी आणि एक पंख्याने फुगणारा हवेचा डायनोसॉर, असे दोन पोशाख भाड्याने आणायचं चाललंय. आतला माणूस किती वेळ टिकतो? पोशाख ताब्यात घेताना काय बघायचं? आणि मुळात हे हवंच का?

सातपूरकर
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो: फरचा मिकी रद्द करा. थीम पार्कमध्ये आपल्याला पात्र दिसतं, त्यामागची गार खोली, पाणी, बदली माणूस आणि सोबत चालणारा मदतनीस दिसत नाही. आपण फक्त पोशाख आणतो आणि आत कोवळ्या पोराला कोंबतो.

हिशोब मांडा. एका मुलाचा फोटो घाईघाईत उरकला तरी ३० सेकंद. १२० मुलांचा एक तास. मे महिन्यात फरच्या पोशाखात एका वेळी २० मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि तेवढीच विश्रांती, पोशाखाचं डोकं काढून, पंख्याखाली. म्हणजे २० मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये दोन विश्रांती, एकूण १०० मिनिटं. दुसरा माणूस ठेवला तरी फायदा नाही, कारण पोशाख एकच आणि तो घामाने ओला. शिवाय पाचला ऊन असतंच, सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पहिली फेरी साडेसहाच्या आधी नको, म्हणजे आठपर्यंत हे उरकतच नाही.

पाण्याचं: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फेरीच्या आधी एक पेला, नंतर एक. गरगरलं, मळमळलं, बोलणं अडखळलं की जिथे असेल तिथेच डोकं काढायचं. मुलं बघतायत म्हणून खोलीपर्यंत चालवत न्यायचं नाही. सावली, ओलं फडकं, आणि बोलणं अडखळत असेल किंवा लगेच उतार पडला नाही तर १०८.

शिंप्याची_सुई
पोशाख आदल्या दिवशीच घ्या, मेळ्याच्या दुपारी नको. डोक्याच्या आत नाक घालून वास घ्या. डिओचा भपका आला तर संशय घ्याच, खाली कुबटपणा दडवलेला असतो. हनुवटीजवळचा फोम अंगठ्याने दाबा. ओलसर लागला किंवा काळे ठिपके दिसले तर परत करा. फोम भिजला की वाळायला दिवस लागतात, आणि भाड्याच्या मालाला तेवढी उसंत मिळत नाही.

आत कारखान्यातल्या सेफ्टी हेल्मेटसारखा पट्टा हवा. नुसता फोम असला तर माणूस मान वळवतो, डोकं जागच्या जागी राहतं आणि बिचारा आतून मिकीच्या कानाकडे बघत बसतो. दिसतं ते बहुतेक वेळा डोळ्यांतून नाही, तोंडाच्या काळ्या जाळीतून. त्यामुळे कमरेखालचं पोर दिसतच नाही. स्टेजच्या पायऱ्या चढवू नका, ते बूटही पायापेक्षा बरेच मोठे असतात.

डोक्यात पंखा असेल तर तो हवा बाहेर फेकणारा हवा. आतल्या आत हवा फिरवणारा पंखा तीच दमट हवा तोंडावर मारतो. पोशाख घालणाऱ्या प्रत्येकाला आपापली सुती टोपी द्या, ती घाम धरते. परत करताना डोक्याला आतून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. अंगाचा भाग गार पाण्यात हाताने धुवून, उलटा करून सावलीत. गरम हवा लागली की कृत्रिम फरच्या गाठी होतात.

बालवाडीची_ताई
माझंही मत कुणाला आवडणार नाही. ही पात्रं मुलांसाठी नसतात, आईबाबांच्या फोटोसाठी असतात. दोन-तीन वर्षांच्या पोराला न हलणारा, न बोलणारा, आपल्यापेक्षा तिप्पट मोठा चेहरा भीतीदायकच वाटतो. त्याला 'अगं घाबरू नको, मिकी आहे' म्हणून पुढे ढकलणं बंद करा.

आणायचंच असेल तर पात्राला दारात उभं करू नका. मैदानाच्या एका कोपऱ्यात ठेवा, म्हणजे ज्याला जायचंय तोच जाईल. पात्राने दोन मीटरवर थांबायचं, गुडघ्यावर बसायचं, हात हलवायचा. पुढचं पाऊल मुलाचं. तान्ही बाळं हातात द्यायची नाहीत. सोबत एक मोठा माणूस सतत हवा, शेपूट ओढणारे आठ-दहा वर्षांचेच असतात. आतल्याने छातीवर मूठ ठेवली की 'मला बाहेर काढ', एवढी एक खूण आधी ठरवा.

गोदाकाठ
@बालवाडीची_ताई, बाकी सगळं मान्य, पण मी तर सुरुवातीलाच सगळ्यांसमोर डोकं काढून दाखवीन. 'आत कोपऱ्यावरचा दादा आहे' हे कळलं की निम्मी रडारड संपते. जादू जाते म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

दुसरं, मिकी डिस्नेचा आणि छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनचा. तिकीट किंवा प्रायोजकाचा बॅनर लावणार असाल तर बिनपरवाना पोशाख गळ्यात येऊ शकतो. अमेरिकेत १९२८ च्या मिकीचा कॉपीराइट १ जानेवारी २०२४ ला संपला हे खरं, पण तो कृष्णधवल, बिनहातमोज्यांचा मिकी, आणि ट्रेडमार्कचा कायदा वेगळा. त्यापेक्षा आपल्या गावाचं पात्र करा ना. द्राक्षाचा घड! हिरवा टीशर्ट, त्यावर पन्नास हिरवे फुगे गाठीखालून सेफ्टी पिनने टाचा, डोक्यावर पुठ्ठ्याचं पान. चेहरा उघडा, वारा लागतो, बोलताही येतं.

शिंप्याची_सुई
घड झकास, पण फुगे नकोत. उन्हात फटाफट फुटतील आणि रबराचा तुकडा तीन वर्षांखालच्याच्या घशात गेला तर श्वास अडकतो. हिरव्या होजिअरी कापडाचे १५ सेंटीमीटर व्यासाचे गोल कापा, कडेने धावदोरा घाला, उशीचा कापूस भरा, दोरा ओढा. द्राक्ष तयार. पुढच्या बाजूला तीसेक पुरतात. पाठ मोकळी सोडा, घाम तिथूनच जातो.

इंदिरानगरवाली
समितीला धागा वाचून दाखवला. मिकी रद्द, घड पक्का, डोकं काढायचा प्रश्नच उरला नाही. डायनोसॉरवर मात्र अध्यक्षकाका अडून बसलेत. तो पॉवर बँकवर चालतो म्हणे. आणखी काही?

सातपूरकर
काकांना सांगा, वारा सुटला तर डायनोसॉर पॅसेजमध्येच. हवेचा पोशाख शिडासारखा ओढतो. आतला माणूस खाली बसला की पोट चेपतं आणि पंख्याचं तोंड झाकलं जातं, म्हणून बसायचं नाही, मुलांना मिठ्या मारू द्यायच्या नाहीत. पंख्याच्या जाळीत केस-धूळ अडकली असेल तर जुन्या टूथब्रशने काढा. चेनची टोकं आणि शिवणी साबणाच्या पाण्याने तपासा, बुडबुडे आले तिथे आतून कापडी टेप.

पॉवर बँक १०,००० एमएएचची असली तरी आदल्या दिवशी अर्धा तास चालवून बघा. पंखा कमी करंट ओढत असेल तर काही पॉवर बँका 'फोन भरला' समजून आपोआप बंद पडतात. मग भर मैदानात डायनोसॉर पिचकतो.