विरोधी बाकावरून बजेटवर बोलून काय होतं? (दंडवत्यांच्या निमित्ताने)

गलाईवाला, विटा:
परवा आमच्या ग्रुपवर एका विरोधी खासदाराच्या बजेटवरच्या भाषणाची क्लिप आली. खाली पहिलीच प्रतिक्रिया: "बोलून काय हुतंय? सत्तेत असता तर निधी आणला असता." वीस जणांनी अंगठे दाखवले. मला मधू दंडवते आठवले, म्हणून हा धागा.

दंडवते आपल्या जिल्ह्याचे नव्हेत. जन्म नगरचा, मतदारसंघ राजापूर, पेशाने फिजिक्सचे प्राध्यापक. १९७१ पासून सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. जनता सरकारची दोन-सव्वादोन वर्षं आणि व्ही. पी. सिंगांचे अकरा महिने सोडले तर सगळा काळ विरोधात. कोकण रेल्वे आणि रेल्वे कामगार हे विषय त्यांनी कधी सोडले नाहीत. १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम आला. त्याच वर्षी पहिला वर्ग नसलेली गीतांजली एक्सप्रेस मुंबईहून हावड्याला सुटली.

आमच्या घरात त्यांचं नाव निघतं ते मात्र सोन्यामुळे. १९९० च्या बजेटमध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा मोडीत काढला. आजोबांचं गलाईचं दुकान कोइमतूरला. जुने दागिने आटवायचे, तेजाबात शुद्ध करायचे, हा धंदा. मुशीतनं लगड बाहेर पडली की कायद्याच्या भाषेत ती 'प्रायमरी गोल्ड', म्हणजे दागिना न झालेलं कच्चं सोनं, आणि त्याची वहीत नोंद हवीच. आजोबा सांगायचे, भट्टी विझायच्या आधी शाई वाळली पाहिजे, नाहीतर तपासणीवाला दारात. ती लाल पुठ्ठ्याची वही अजून घरी आहे.

माझं म्हणणं एवढंच: विरोधी बाकावरचं भाषण वाया जात नाही. त्याला वेळ लागतो.

तासगावकर:
दादा, तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय की. फोम कधी आला? मंत्री झाल्यावर. सोन्याचा कायदा कधी गेला? अर्थमंत्री झाल्यावर. म्हणजे खुर्ची मिळाल्यावर कामं झाली, आणि ग्रुपवरचा माणूस तेच म्हणत होता.

आणि सोन्याबाबत ते विरोधात असताना कधी बोलले होते का, ते दाखवा. उलट गोल्ड कंट्रोल आणलं मोरारजींनी, १९६३ ला, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घालून. त्याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवते होते. तेव्हा का नाही गेला कायदा?

गलाईवाला, विटा:
तेव्हा अर्थखातं त्यांच्याकडे नव्हतं. पण सोन्याबद्दलची तुमची हरकत मान्य. तसं भाषण माझ्याकडे नाही, तो मुद्दा मी मागे घेतो. रेल्वेचा घेत नाही.

मिरज जंक्शन:
रेल्वेचं मी सांगतो. माझे वडील मिरजेत लोकोला फिटर होते. मे १९७४ च्या रेल्वे संपात नोकरी गेली. तीन वर्षं घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. सत्तर सालानंतर जन्मलेल्यांना तो संप धड्यातला वाटतो. आम्हाला तो डाळीच्या डब्यातला वाटतो. दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढून टाकलेल्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. वडील हजर झाले त्या दिवशी जुनाच डबा घेऊन गेले.

तासगावकर, मंत्री झाल्यावर काम झालं हे खरं. पण मंत्री तर कितीतरी झाले. आल्या आल्या काय करायचं हे ज्याला आधीपासून ठाऊक होतं, तो एवढ्या झटक्यात का करू शकला? आधीची वर्षं ह्या लोकांच्या बाजूने भांडण्यात गेली होती म्हणून.

आकडेमोड, सांगली:
भावनेला हात जोडून दुसरी बाजूही लिहितो. त्याच १९९० च्या बजेटात दहा हजारांपर्यंतच्या शेतीकर्जाची माफी होती. निवडणुकीतला शब्द होता, पाळला. पण त्या वर्षी केंद्राची राजकोषीय तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास गेली. आखाती युद्धाने तेल भडकलं, त्याचा दोष दंडवत्यांना देत नाही. तरी ज्या अर्थमंत्र्याने लोकांचं सोनं मोकळं केलं, त्याच्या पुढच्याच वर्षी देशाला स्वतःचं सोनं परदेशात गहाण टाकावं लागलं. विरोधात असताना तिजोरी दुसऱ्याची असते, तेव्हा उदार बोलायला खर्च येत नाही.

तासगावकर:
हे बोललात! माझ्या आजोबांचं सोसायटीचं कर्ज त्यात माफ झालं होतं, ती गोष्ट वेगळी 😄

वकीलसाहेब:
व्यक्ती बाजूला ठेवून यंत्रणा बघू. विरोधी खासदाराच्या हातात बजेटवर दोन-तीनच हत्यारं असतात. त्यातलं एक कपात प्रस्ताव. धोरणच मान्य नसेल तर अमुक खात्याची खर्चाची मागणी 'एक रुपया करा' म्हणायचं. एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर 'शंभर रुपये कमी करा'. कोटींच्या मागणीत शंभर रुपये! हसू येतं, पण त्या शंभर रुपयांच्या आधाराने कराड-चिपळूण रेल्वे कागदावरच का पडून आहे हे मंत्र्याला विचारता येतं, आणि ते रेकॉर्डवर राहतं.

आता खरी अडचण. १९२४ पासून वेगळं मांडलं जाणारं रेल्वे बजेट २०१७ पासून मुख्य बजेटात गेलं. दंडवते बोलायचे तेव्हा रेल्वेसाठी राखीव दिवस असत. आता वेळ संपली की उरलेल्या मागण्यांवर गिलोटीन, चर्चेविना मंजूर. मार्च २०१८ मध्ये तर सगळ्याच खात्यांच्या मागण्या लोकसभेत गोंधळात तशाच मंजूर झाल्या. मग भाषण करायचं कुठे?

बेदाणा अडत:
वकीलसाहेब, करांचं तर त्याहून पुढे गेलंय. शेतकऱ्याच्या बेदाण्यावर जीएसटी लागतो की नाही, ह्यावरून तासगावच्या सौद्यात किती डोकेफोड झाली ते आम्हाला विचारा. निकाल कुठे लागला? संसदेत नाही. डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली, तिथे स्पष्ट झालं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर नाही. कौन्सिलमध्ये बसतात केंद्राचे मंत्री आणि राज्यांचे मंत्री. मतांचं एक तृतीयांश वजन केंद्राकडे, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतं. म्हणजे केंद्र नको म्हणालं की विषय संपला. विरोधी खासदाराला तिथे स्टूलसुद्धा नाही. त्यामुळे क्लिप कितीही कडक असू दे, आमच्या दराला ती काय कामाची?

मिरज जंक्शन:
मग पेट्रोलचं काय? ते जीएसटीत नाही. लिटरमागे केंद्राचं शुल्क आहे, त्यातला मोठा भाग सेस, म्हणजे उपकर, म्हणून घेतात आणि सेसमधला वाटा राज्यांना मिळत नाही. आपल्या एसटीच्या डिझेलवरही तो बसतो. हे सगळं वित्त विधेयकातून येतं, तिथे खासदार बोलू शकतो, दुरुस्ती मांडू शकतो, मतदान मागू शकतो.

तासगावकर:
मागू शकतो. जिंकू शकतो का?

मिरज जंक्शन:
नाही. बहुमत नसताना कसं जिंकेल? पण कोण कुठल्या बाजूला होतं हे लिहिलं जातं.

कृष्णाकाठ, कराड:
कोकण रेल्वेचं कुणी पुरतं बोललं नाही. आधी नाथ पै, मग दंडवते, राजापूरच्या दोन्ही खासदारांनी तिचा पाठपुरावा केला. १९९० ला महामंडळ झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री दंडवते, आणि कामाला इंजिनिअर श्रीधरन. १९९८ ला गाडी धावली, तेव्हा दंडवते खासदारही नव्हते; १९९१ लाच पडले होते. आम्ही कराडकर मात्र अजून कोकणात कुंभार्ली घाटानेच उतरतो, उलट्यांची गोळी खाऊन.

आकडेमोड, सांगली:
जॉर्ज, दंडवते एकाच वेळी मंत्री होते हा योगायोग. योगायोगावर धोरण चालत नाही.

गलाईवाला, विटा:
योगायोग होता, कबूल. पण योगायोग आला तेव्हा फाईल तयार होती.

तासगावकर, तुमच्या खासदाराने ह्या अधिवेशनात एक तरी कपात प्रस्ताव दिला का, ते बघून सांगा. लोकसभेच्या साईटवर सापडतं.

तासगावकर:
बघतो. तुम्ही तेवढा आजोबांच्या वहीचा फोटो टाका.

गलाईवाला, विटा:
रविवारी टाकतो. पानांना तेजाबाचे डाग आहेत, वाचता येईल तेवढं वाचा.